परत फिरताना

यंत्र शिवणयंत्रापेक्षा थोडंसंच मोठं.
एका निवृत्त दंतवैद्याकडून घेतलं,
नोव्हेंबरात, मुलांच्या घसरगाडीवर बांधून
पिस्पालाचा चढ ओढत आणलं.
तळघरात ठेवलं तेव्हा त्याच्यावरचा बर्फ वितळून
जमिनीवर एक डबकं झालं, त्याच्याच आकाराचं.

पहिलं वर्तुळ ॲल्युमिनियममध्ये कापलं
आणि कडेवरून बोट फिरवलं.
चार जागी बोट अडखळलं.
डोळ्याला गोल. बोटाला नाही.

एकतीस वर्षं कर खात्यात काढली मी.
चूक कुठे लपते ते मला ठाऊक आहे:
बेरजेत नाही, हातच्यात.

डायल टेकवली टेबलाला.
उजवीकडे दहा मिलिमीटर. काटा पळाला.
मग डावीकडे.
मोटर फिरली, स्क्रू फिरला,
काटा मात्र ऐकूच न आल्यासारखा
उभा.
अठरा शतांश मिलिमीटर नुसतंच फिरणं,
कुणालाही न हलवता,
आणि मग टेबल निघालं
जसं काही झालंच नव्हतं.

एकाच दिशेनं जाणाऱ्याला हे आयुष्यभर कळत नाही.

तौनोचं अकॉर्डियन तेव्हा बाकावर पडलेलं.
स्वतः आला नाही. मुलीच्या हाती पाठवलं, वर चिठ्ठी:
तिसरं बटण फुसफुसतं. वेळ मिळाल्यास.
नऊ वर्षांतले पाच शब्द.
वडिलांची नाव कुणी विकली
यावरून आमचं थांबलं होतं.
(मी विकली. तळ कुजला होता. त्याला विचारलं नव्हतं.)

तर आधी स्क्रूच्या टोकाचं बेअरिंग. तिथला नट
हातानंच फिरला. निम्मी चूक तिथेच निघाली.
मग सरकपट्टीची पाचर, पितळेची,
काच ठेवून घासली तीन संध्याकाळी,
काळं तेल नखांत जाऊन बसलं ते अजून आहे.
मग नट कापून दोन केले, मधे स्प्रिंगच्या चकत्या,
म्हणजे एक आट्याची ही बाजू धरेल, दुसरा ती.

संगणकात एक आकडा भरून
हे सगळं झाकता आलं असतं.
भरूनही पाहिला.
पण कटर धातूला ओढतं तेव्हा टेबल मधल्या पोकळीत
आपल्या मर्जीनं डोलतं,
आणि आकडा, बिचारा, प्रामाणिकपणे खोटं बोलतो.

फेब्रुवारीत मी नट आणखी आवळला.
शून्य हवं होतं मला, तीन शतांश नको.
मोटर घुमली, तापली, पावलं चुकली,
मधेच थबकली. कापलेली फट तिरकी.
पाव फेरा सैल केला. शिव्या दिल्या, फिनिशमध्ये,
आमच्याकडे त्या चांगल्या लांब असतात.

स्वराची पट्टी तरी काय असते:
धातूत एक लांबट फट, तिच्यावर पोलादी पातं.
पातं फटीच्या कडेला घासलं तर गप्प.
फार लांब राहिलं तर नुसती हवा.
केसाहून कमी जागा लागते दोघांमध्ये,
पण लागते.

सातवी पट्टी बरी निघाली.
सहा जाममध्ये ठेवल्या आहेत,
म्हणजे जामच्या रिकाम्या बरणीत.
बटण दाबलं. सूर आला, किंचित चढा.
पात्याच्या टोकाला जरा वजन हवं होतं.
एक थेंब कथिल, मग कानस, मग परत कान.

रविवारी अकॉर्डियन पाठीला लावून
टेकडी ओलांडून पलीकडच्या तळ्याकडे उतरले.
पायऱ्यांवर खडी टाकलेली, तरी निसरड्या.
पिवळं घर. दारावर आता दुसराच रंग.

थाप मारली.
आत खुर्ची सरकल्याचा आवाज,
पावलं, दारापर्यंत.

मग काहीच हललं नाही.

मी उभी राहिले, मोजत.